पत्रकाची कोरी बाजू

उंड्रेचाचांनी माझं पत्रक वाचलं नाही. हातात घेतलं, उलटं केलं, मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "एक बाजू कोरी ठेवता, हे चांगलं करता."

पत्रक आमच्या गावच्या समितीचं. मथळा माझा : 'जमीन आमची, जाब द्या!' वाशीपासून पावण्यापर्यंत प्रत्येक नाक्यावर उभं राहून मी ते वाटलं होतं. कुणी वाचलं, कुणी न वाचता खिशात घातलं, एका गाडीवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत त्यात भजी बांधून दिली. पण कोरी बाजू आवडली म्हणणारा माणूस हा पहिलाच. मला राग आला. राग मला लगेच येतो, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. आमच्या गावाच्या शेतांवर कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या गेटवर आमचीच पोरं बाहेरून आत बघत उभी असतात. ज्याला याचा राग येत नाही त्याने डॉक्टरला दाखवावं.

चाचांना मात्र राग आलेला मी कधी पाहिला नाही. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. सरकारी कचेरीच्या रेकॉर्डखोलीत जुनी दप्तरं बांधण्या-सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर भाच्याकडे आले. भाच्याचं एपीएमसीच्या मसाला मार्केटात हळदीचं दुकान. दुकानाच्या मागे पोत्यांच्या थप्पीला टेकून एक टेबल आणि दोन स्टुलं, तिथे चाचा सकाळी दहा ते दुपारच्या नमाजापर्यंत बसत. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळायचे होते. त्यासाठी वारस दाखवायचे, आणि वारस दाखवायला वंशावळ. ती काढून घ्यायला गावोगावची माणसं चाचांकडे यायची. टेबलावर, कागदावर, त्यांच्या पांढऱ्या टोपीच्या कडेवर हळद बसलेली असे. दोन्ही आंगठे तर कायमचे पिवळे. त्यांनी चाळलेला कागद लगेच ओळखू यायचा, कोपऱ्यावर पिवळा ठसा असायचाच.

आणि पेन्सिल. शाईला ते हात लावत नसत. ब्लेडने तासलेली पेन्सिल कानावर, तासलेला भुसा सुपारीच्या डबीत. "पेन्सिलीला माघार घेता येते," म्हणायचे. "शाई कधी? तर ज्याचं आहे तो स्वतःच्या तोंडाने सांगेल तेव्हा." रोज येणाऱ्या पन्नास माणसांना पन्नास वेळा हेच.

मी त्यांच्याकडे वंशावळीसाठी गेलोच नव्हतो. झालं होतं असं. आदल्या दिवशी गावात बैठक होती, मी बोलत होतो, आणि माझं बोलणं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात मागून पदूकाका उठले. म्हातारा माणूस, आमच्या समितीतलाच. म्हणाले, "पोरा, जाब कुनाला इचारतंस? संमतीच्या कागदावर पैला आंगठा तुज्या आज्याचा हाय. जोमाचा. त्यानी दिला म्हनून मागच्यांनी दिला."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा, म्हणजे हसुराम, कंपनीत हेल्पर होते. दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले चार आईशी. ते म्हणाले, "जेव आता." मी जेवलो नाही.

चाचांना मी सांगितलं, माझ्या आज्याने आंगठा दिला नाही हे मला सिद्ध करायचंय.

"सिद्ध करायचं तर वकिलाकडे जावा," चाचा म्हणाले. "शोधायचं असेल तर बसा."

मी बसलो. त्यांनी माझंच पत्रक कोऱ्या बाजूने समोर घेतलं, खाली मध्यभागी माझं नाव लिहिलं आणि विचारायला लागले. वडलांचं नाव? वडलांच्या वडलांचं? त्यांच्या वडलांचं? तिथपर्यंत मी आलो. आईच्या वडलांचं? तेही आलं. मग म्हणाले, "आईच्या आईचं?"

मला येईना. आजी म्हणायचो. ती गेली तेव्हा मी आठवीत होतो, मी तिला खांदा देणाऱ्यांच्या मागून चाललो होतो, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"जमिनीचा सर्व्हे नंबर तुमाला पाठ, आजीचं नाव नाय," चाचा म्हणाले. टोमणा नव्हता, नोंद केल्यासारखं बोलले. पण मला झोंबलंच. मी म्हणालो, "तुम्हाला येतं का तुमच्या आजीचं?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. टोकदार होती, तरी तासायला घेतली. "नाय येत," म्हणाले. "बापाची आई. बाप पाळण्यात होता तेव्हा गेली. घरात तिला सगळे 'मोठी' म्हनायचे. बापाला विचारायचं राहिलं, मग बाप गेला." भुसा डबीत झाडला. "म्हनून तर सगळ्यांना पहिलं तेच विचारतो."

मग त्यांनी मला त्यांचा क्रम सांगितला. आधी जिवंत माणसं, मग भांडीकुंडी, मग मेलेले, आणि सगळ्यात शेवटी सरकार. मेलेल्यांना कसं विचारायचं हे मी त्यांना विचारलं नाही. मी तिथून उठलो आणि सरळ सरकारकडे गेलो. चळवळीतला माणूस, दुसरीकडे कुठे जाणार?

संमतीच्या कागदाची नक्कल मिळवायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांवर मी दोन पत्रकं लिहू शकलो असतो. पण त्या निमित्ताने मी चाचांच्या स्टुलावर रोज बसू लागलो आणि त्यांचं काम पाहिलं. एक माथाडी होता, मारुती. पाटणकडचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याचा बाप पोरका मुंबईला आलेला, गाव कुठलं ते सांगायच्या आधीच मेलेला. मारुतीला आपलं गाव हवं होतं. भूखंड नाही, दाखला नाही, नुसतं गाव. मी मनात म्हटलं, याच्यापाशी काहीच नाही, काय लिहिणार? चाचांनी त्याला विचारलं, बाप चिडला की कुठल्या देवाची शपथ घालायचा? पावसाळ्यात काय मागून खायचा? जत्रेचं नाव कधी काढायचा का? मारुती एकेक आठवत गेला, चाचा लिहीत गेले. देवाच्या नावावरून त्यांनी तीन देवळं काढली आणि तीन गुरवांना तीन कार्डं टाकली. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने लिहिलं, असा पोरगा इथला होता, त्याची चुलती अजून आहे.

मारुती जाऊन आला. चाचांनी पेन्सिल घेऊन विचारलं, काय म्हणाली म्हातारी? मारुती म्हणाला, "काय न्हाय. रडली नुसती." चाचांनी कागदावर चुलतीच्या नावासमोर लिहिलं : रडली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "पुरावा आहे. परक्यासाठी कोन रडतं?"

शेवटी माझी नक्कल आली. संमतीचा कागद. पहिलंच नाव : जोमा. पुढे निशाणी डावा आंगठा. काळा, नीट उठलेला. खाली रांगेने गावातले बाकीचे आंगठे.

मी तो कागद चाचांच्या टेबलावर टाकला. पदूकाका खरे निघाले होते. ज्या माणसाच्या नावाने मी बैठकीत छाती काढायचो, तोच रांगेत पहिला. मला वाटलं, समितीचा राजीनामा लिहावा आणि तोही पत्रक म्हणून छापावा.

चाचांनी नक्कल खूप वेळ पाहिली. कोपऱ्यावर पिवळा आंगठा उमटला. त्यांनी माझ्या पत्रकाच्या मागे फक्त कागदाची तारीख लिहून घेतली आणि विचारलं, "आजा मेला कधी?"

मला ठाऊक नव्हतं. मी जन्मलो त्याच्या आधी, एवढंच. दाखला नव्हता, आमच्या गावात तेव्हा मेल्यावर दाखला काढायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. आई त्यानंतर लग्न होऊन आलेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आठवत नाय." स्वतःचा बाप कधी मेला ते आठवत नाही. मी मनात म्हटलं, या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

"तुमी आगरी लोक," चाचा म्हणाले. "तुमच्या लग्नात धवलारीन मेलेल्यांना आवतन देते ना?"

देते. मांडवाच्या दिवशी धवलारीण धवले गाते, देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या लेखी ती बायकांची गाणी. पंधरा वर्षांत एकदाही नीट कान दिला नव्हता.

चाचा बस पकडून आमच्या गावात आले. गोमीबाय धवलारीण ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी मुद्द्यावरच आलो : आमच्या घरचे धवले म्हणून दाखव, आम्हाला नावं लिहायची आहेत. ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी तिला चोरीला चल म्हणालो होतो.

"लगीन नाय, मांडव नाय, आनि त्यांना बोलवू? ते येतील. बसवू कुठं? उपाशी परत जातील ते."

मी म्हणालो, अगं, खरंच थोडेच येतात? चाचांनी माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं. आणि तिला म्हणाले, "बरोबर आहे, बाय. आमी थांबू."

बाहेर आल्यावर मी चिडलो. एका म्हातारीच्या अंधश्रद्धेपायी किती थांबायचं? चाचा चालता चालता म्हणाले, "आमच्या रेकॉर्डखोलीतला कारकून चहा पाजला की कुठलंबी दप्तर सोडायचा. ही नाय सोडत. मग कुणाचं रेकॉर्ड भरवशाचं?"

सुदैवाने दोन महिन्यांवर माझ्या बहिणीचं, सुगंधाचं लग्न होतं. मांडवाच्या दिवशी चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले, बायकांपासून लांब एका खुर्चीवर बसले, मांडीवर माझ्या पत्रकांचा गठ्ठा, कोरी बाजू वर. गोमीबायने सूर लावला. नाव आलं की पेन्सिल हलायची. मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि सांगायला हरकत नाही, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या सहा पिढ्या त्या मांडवात येऊन बसल्या. आईच्या आईचंही नाव आलं. तिचं नाव पार्वती होतं.

गाणं संपल्यावर चाचांनी गोमीबायला एकच प्रश्न विचारला. जोमाला पहिलं आवतण कुणाच्या लग्नात दिलं?

ती थांबली सुद्धा नाही. "बामीच्या. मी नाव घेतलं नि पोरगी मांडवात ढसाढसा रडली. हळद धुऊन गेली सगली."

बामी म्हणजे माझी आत्या. म्हणजे आत्याच्या लग्नाआधी आजा गेलेला होता. आता आत्याच्या लग्नाची तारीख हवी. "भांडीकुंडी," चाचा म्हणाले. आत्या सुगंधाच्या लग्नाला आलेलीच होती, पण स्वतःच्या लग्नाचं साल तिला सांगता येईना. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. आहेराचा पितळी हंडा तिने काढून दिला. देणाऱ्याचं नाव आणि तारीख त्यावर कोरलेली होती, पण आमची आत्या अशी, की वीस-पंचवीस वर्षं चिंच लावून घासून तिने ती अक्षरं जवळपास पुसून टाकलेली. मला काही दिसेना. चाचांनी माझं पत्रक हंड्यावर दाबून धरलं, कोरी बाजू वर, आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासत गेले. करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली. आधी आत्याच्या मामाचं नाव. मग तारीख.

संमतीच्या कागदाच्या दोन वर्षं आधीची.

आजा मेल्यानंतर निदान दोन वर्षांनी आज्याचा आंगठा! मी तिथेच आत्याच्या घरात नाचायचा बाकी होतो. परतीच्या बसमध्ये माझा मथळा तयार झाला : 'मेलेल्यांचे आंगठे घेणाऱ्यांनो, जाब द्या!' उद्याच छापतो म्हणालो. चाचा खिडकीतून खाडीकडे बघत होते. म्हणाले, एक दिवस थांबा. जिवंतांपैकी एकाला विचारायचं राहिलंय.

रविवारी ते आमच्या घरी आले. मला वाटलं बाबांची चौकशी करतील. त्यांनी काही विचारलं नाही. सगळी पत्रकं जोडून केलेला तो मोठा कागद बाबांसमोर अंथरला आणि म्हणाले, "हसुरामभाऊ, मी वाचतो, चुकलं तर सांगा." बाबांना वाचता येत नाही. चाचा वरून नावं वाचत आले, कोण कुणाचा, कोण कुठे दिलेली. बाबा मध्ये मध्ये दुरुस्ती करू लागले. एका चुलत्याला विसरलो होतो तो त्यांनी घातला. मग चाचांनी वाचलं, "जोमा. बामीच्या लग्नाआधी गेला."

आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"आंगठा माजा हाय," बाबा म्हणाले.

आणि मग त्या माणसाने एका दमात माझ्या उभ्या आयुष्यात बोलला नव्हता तेवढं सांगितलं. आजा गेला तरी सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलेलं. आमच्यात कुणी ते बदलून घेत नसे, मेलेल्याचं नाव जमिनीवरून काढणं अपशकुनाचं वाटायचं. साहेब आला, त्याने जोमा कोण म्हणून हाक दिली. बाबा एकोणीस वर्षांचे. म्हणाले, तो नाय. साहेब म्हणाला, तू पोरगा ना, दे मग. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. "मी दिला. मागं बघितलं तं रांग लागली. माज्यामुलं लागली. मग वर्सं गेली, लोक कागदावरचं तेवढं जोमाचं नाव घ्यायला लागले, नि मी घेऊ दिलं. माज्या बाला बोल लावू दिला इतकी वर्सं."

माझ्या तोंडात चाळीस वाक्यं आली. ती सगळी मी गिळली, आणि हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम आहे.

चाचांनी नक्कल उलगडली. "तुमच्या शेताचा नंबर काय होता, हसुरामभाऊ?"

"एक. खाडीच्या बांधाला लागून."

"दुसऱ्या नंबरावर कोन?" बाबांनी सांगितलं. चाचांनी कागदावरचं दुसरं नाव वाचलं, तेच. तिसरा? तेच. चाचा म्हणाले, "सायबाने सर्व्हे नंबराने हाका मारल्या. नंबर एक तुमचा, म्हनून पहिला आंगठा तुमचा. तुमी घरी झोपला असता तरी पहिली हाक तुमचीच होती. मागची रांग तुमच्यामुळे नाय लागली. ती कागदात आधीच लागलेली होती."

बाबांनी विचारलं, "म्हंजे आमच्यामुलं नाय?"

"नाय."

बाबा उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, आणि आईला म्हणाले, चाचांना मासे खाऊ घाल. त्या दिवशी ते जेवताना बोलत होते. आजा कसा पोहायचा, बांध फुटला तेव्हा रात्रंदिवस कसा उभा राहिला. आज्याबद्दल त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोलत होतं. मी दोनदा भात घेतला.

चाचांना सोडायला स्टॉपवर गेलो तेव्हा मी विचारलं, नंबराचं तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, नक्कल आणलीत त्याच दिवशी, कडेला बारीक अक्षरात सर्व्हे नंबर एकापासून ओळीने होते. मी भडकलो. मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी तीन महिने तोंड लपवून फिरलो.

"सांगितलं असतं तर तुमी पत्रक छापून मोकळे झाला असता," चाचा म्हणाले. "बापाला कुणी विचारलं असतं?"

तेवढ्यात बस आली.

पुढच्या बैठकीत बाबा स्वतः आले. उभे राहून दोन वाक्यांत सांगितलं : आंगठा जोमाचा नाही, माझा. नंबर एकचा. पदूकाकांनी विडी विझवली. मग म्हणाले, "आमचा नंबर सव्वीस. सव्वीस जनांत एकानीबी इचारलं नाय कागदात काय हाय. आमीपन त्यातलेच." आणि बाबांना बसायला सरकून जागा दिली. मेलेल्यांच्या आंगठ्याचं पत्रक मी नंतर काढलं, कारण राग अजून आहे आणि तो रास्त आहे. पण त्यात आज्याबरोबर बाबांचंही नाव घातलं, त्यांना विचारून.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर चाचांचं टेबल रिकामं दिसलं. भाचा म्हणाला, मामू गावाला गेलेत. त्यांच्या वडलांची एक चुलत बहीण शोधून काढलीय, नव्वदीची, कानाने अधू, पण बोलते. जाताना दोन नव्या पेन्सिली आणि माझ्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा बरोबर नेलाय.

त्यानंतर मला ते एकदाच दिसले. वाशी डेपोबाहेर मी पत्रकं वाटत होतो. कोकणातून आलेली एसटी मुंबईकडे निघालेली, सिग्नलला थांबली. तिसऱ्या खिडकीत पांढरी टोपी. ते मुलीकडे मुंबईला जाणार असं भाचा म्हणाला होता, इथे उतरणार नव्हते. मी धावत खिडकीपाशी गेलो. सलाम नाही, कसे आहात नाही. त्यांनी बाहेर वाकून माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं, सवयीने उलटं केलं, कोरी बाजू पाहून मान हलवली, आणि म्हणाले,

"हाजराबी."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं : ती 'मोठी'. ते हसत होते, पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखे. कानावर पेन्सिल नव्हती. सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेलं होतं, नवं, टोपण चकाकत होतं.

सिग्नल सुटला. बस पुलाकडे वळली तरी तो हात खिडकीबाहेरच होता, पिवळ्या आंगठ्याखाली माझं पत्रक फडफडत.